पुलावरची हाक

१

बिश्केकहून सकाळी सहाला सुटलेली व्हॅन अकराच्या सुमारास सरोवराच्या दक्षिण काठाला लागली, तेव्हा जिपारने मांडीवरच्या वहीत वेळ टिपली. टिपायची तशी काही गरज नव्हती. पण अठ्ठावीस वर्षं कोर्टात साक्षी उतरवून घेतलेल्या बाईचा हात रिकामा बसत नाही. साक्षीदार बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. या कामाने तिच्या कानाला एक खोड लावली होती. माणूस काय बोलतो याच्याआधी तो काय बोलायचं टाळतो, हेच तिला ऐकू येई.

अकरावीचा वर्ग सुटून पस्तीस वर्षं झाली म्हणून वेनेराने सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. महिनाभर मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये मेंढीवरून गदारोळ चालला होता. वर्ग तेवीस जणांचा. ग्रुपमध्ये अठरा. चार वारले, त्यांची नावं इशेनने वेगळी लिहून खाली दुवा मागितली होती. अठरा आणि चार बावीस. तेविसावा तोक्तोसुन कुठल्याच यादीत नव्हता. जिपारने विचारलं होतं, 'तोक्तोचं काय?' त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. पुढचा निरोप थेट मेंढीच्या वजनाचा आला.

ती आली होती ती त्या एका उत्तरासाठी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी परदेशी होती, आणि मनात विचारायचं म्हणून उरलेलं असं हे एकच माणूस होतं.

गाव आलं तशी माणसं उतरू लागली. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, आमचं झाड आलं रे." मग एक दाढीवाला म्हणाला, "मला या पाटापाशी सोड." तिसरी एक बाई नुसतीच ड्रायव्हरच्या पाठीला बोट लावून उठली. जिपारच्या कानाला ते खटकलं. व्हॅनमधून उतरायचं तर माणूस साधं 'तोक्तो' म्हणतो. तोक्तो, म्हणजे थांब. दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द.

वेनेराचं निळं फाटक दिसलं तशी ती म्हणाली, "तोक्तो, भाऊ."

ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की पुढच्या बाईची पिशवी खाली पडली. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"एजे, तुम्ही इथल्या नाही वाटतं."

त्याच्याहून मोठी म्हणून एजे, म्हणजे ताई. "इथलीच आहे," जिपार म्हणाली. "शाळा इथेच झाली माझी."

"मग 'इथे उतरते' म्हणायचं ना."

ती उतरली तरी तो लगेच निघाला नाही. आरशातून मागचा रस्ता पाहत राहिला. जिपारनेही पाहिलं. दोन्हीकडे पॉप्लरची झाडं आणि मधे रिकामा, पांढऱ्या धुळीचा रस्ता.

२

आत अकरा जण जमले होते. वेनेरा शाळेत होती तशीच होती, फक्त दुप्पट. तिने जिपारला कवटाळलं, मग हातभर दूर धरून न्याहाळलं. "काय गं, शहरात खायला घालत नाहीत का तुला? बघा रे, अजून नववीतलीच दिसते."

"मागून," इशेन म्हणाला. तो वर्गाचा मॉनिटर. पस्तीस वर्षं झाली तरी मॉनिटरगिरी सुटली नव्हती. टक्कल पडलं होतं आणि दात सोन्याचे झाले होते.

जेवण सुरू झालं. मांसाचे तुकडे वयाच्या मानाने वाटायचे, आणि इथे सगळे एका वयाचे, म्हणून महिन्यांवरून भांडण जुंपलं. इशेन मार्चचा, तेव्हा मानाचं हाड त्याला. दामिरा म्हणाली की तो कागदावर मार्चचा आहे, खरा ऑगस्टचा. शाळेत लवकर घालायला बापाने तारीख मागे ओढली होती.

"माझं लग्नही त्याच कागदावर झालं," इशेन म्हणाला. "तेही खोटं धरायचं का? धरत असाल तर आत्ताच सांगा, बायको घरी वाट बघतेय."

हशा झाला. जिपार हसली. खोली उबदार होती, खिडकीतून जर्दाळूची झाडं दिसत होती, आणि एकेक चेहरा पस्तीस वर्षांच्या सुरकुत्यांतून हळूहळू वर येत होता.

वेनेरा चहा ओतत होती. इथे पेला अर्धाच भरतात. काठोकाठ भरला तर पाहुण्याला 'आता निघा' म्हटल्यासारखं होतं. बोलण्याच्या नादात वेनेराचा हात ओतत राहिला आणि चहा काठाशी आला.

"तोक्तो, तोक्तो," जिपार म्हणाली, "हाकलतेस की काय मला?"

कुणीच हसलं नाही.

आणि बाहेरच्या लांब पडवीत पावलं थांबली.

ती पावलं वाजत होती हे जिपारला ती थांबल्यावर कळलं. घड्याळाची टिकटिक बंद पडली की मग कळतं ना, तसं. आता तिला ती मागे जाऊन आठवू लागली. जड, थकलेली, एका चालीची. जेवण सुरू झालं तेव्हाही होती. हशा पिकला तेव्हाही होती. फाटकापासूनच होती का?

सगळ्यांची तोंडं दाराकडे वळली होती. दार अर्धवट उघडं होतं. पडवीत चपलाबुटांचा ढीग होता आणि काचेतून आलेलं ऊन. दुसरं काही नाही.

इशेनने घसा खाकरला. "आपल्याकडे 'पुरे' म्हणतात, जिपार."

"कधीपासून?"

"खा तू. मांस गार होतं."

३

स्वयंपाकघरात वेनेरा भांडी घासत होती आणि जिपार पुसत होती. जिपारने मनाशी कारणं मांडून पाहिली. सुना सासरच्या थोरांची नावं घेत नाहीत, हे काही तिला नवीन नव्हतं. दिराचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड, म्हणून तिची आई जन्मभर लोखंडाला 'तो कडक' म्हणत राहिली. पण वेनेराचा सासरा मांबेत. आणि इशेन काही कुणाची सून नव्हता.

"वेनेरा, तोक्तोसुन कुठे आहे गं?"

वेनेराने नळ मोठा सोडला. "तुला लिहिलं होतं की. सायबेरियात गेला कामाला. लाकूडतोडीच्या."

"ते पहिल्या वर्षी लिहिलंस. त्यानंतर?"

"त्यानंतर काय. गेलेली माणसं कुठे कळवतात."

कोर्टात असं उत्तर देणाऱ्या साक्षीदाराला वकील दुसऱ्या बाजूने विचारतात. जिपारने तेच केलं. ती हसून जुनी आठवण सांगू लागली. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने याचं नाव तोक्तोसुन ठेवलं, हा तरी राहो. वर्गात सगळे त्याला तोक्तो म्हणत. मास्तर कुणालाही 'थांब' म्हणाले की हा बाकावरून उभा राही, आणि वर्ग खो खो हसे.

"आणि मी गेले तो दिवस आठवतो तुला? तुम्ही सगळे ट्रकमध्ये बसून दरीत सहलीला निघालात आणि मी शहराच्या बसमध्ये, परीक्षेला. पुलाशी गाठ पडली. ट्रक अलीकडे उभा, आमची बस पुलावर चढलेली. आणि तुम्ही मेले सगळे ओरडायला लागलात, तोक्तो, तोक्तो. सगळ्या बससमोर. आदल्या दिवशी तो मला 'जाऊ नकोस' म्हणाला होता, ते तुम्हाला कळलं असणार. मी लाजेने अर्धमेली. बसवाले काका विचारतात, पोरी, गाडी थांबव म्हणतायत का गं? मी म्हटलं, नाही काका, पोराचं नाव आहे ते. तुम्ही चला."

वेनेराच्या हातातली थाळी तशीच राहिली. नळाचं पाणी तिच्यावर पडत होतं.

"काय म्हणालीस तू त्यांना?"

"चला म्हटलं. का?"

वेनेराने नळ बंद केला. पदराआड डोळे पुसावेत तसे तिने एप्रनने हात पुसले, बराच वेळ. मग खिडकीतून अंगणात हाक मारली.

"इशेन. इकडे ये जरा. हिला तूच सांग."

४

इशेन तिला अंगणात चहाच्या पाण्याच्या समोवारपाशी घेऊन गेला. एक वाजला होता. कोंबड्या सावलीला बसल्या होत्या. तो बराच वेळ समोवारच्या नळीत ढलप्या घालत राहिला.

"ट्रक माझा बाप चालवत होता," तो म्हणाला. "मी केबिनमध्ये त्याच्या शेजारी. मागे वीस जण आणि तोक्तो. तुझी बस दिसली तसा तो फळीवरून खाली उतरला. तुझ्या बसला हात करायचा होता त्याला. पूल अरुंद, कठडा नाही. बस काही थांबेना, म्हणून तो तिच्या बाजूने पळायला लागला. तेवढ्यात बापाने ट्रक पुढे घेतला. त्याला वाटलं, बस निघाली, आपल्यापुरती जागा आहे."

"आणि?"

"दोन गाड्यांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती. दोन्ही उभ्या असत्या, तर."

जिपारच्या डोळ्यांसमोर तो जुना पूल आला, कठडा नसलेला, आणि खालची नदी.

"मागून वीस जण ओरडले. बापाने मला विचारलं, काय ओरडतायत? मी म्हटलं, काही नाही, तोक्तोला हाका मारतायत." त्याने समोवारचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. "नंतर मी एकेकाला विचारलं. तू त्याचं नाव घेत होतास की गाडीला सांगत होतास? एकालाही सांगता येईना. तोंडातून जे निघायचं ते निघालं."

"मला सायबेरिया का लिहिलंत?"

"तुझी परीक्षा होती. नंतर मग राहूनच गेलं. आणि तुला काही माहीत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो." त्याने वर पाहिलं. "आत्ता खिडकीतून तुझं ऐकू आलं. बसमध्येही तेच झालं, हे आज कळतंय."

नदीने एक टोपी परत दिली. बाकी काही नाही. त्या हिवाळ्यात इशेनच्या आईने सुटलेल्या वासराला 'तोक्तो' म्हटलं, आणि अंगणात चाललेली पावलं थांबली. नऊ दिवस कुणी त्या कोपऱ्यातून गेलं नाही.

"काय होतं तिथे?"

"काही नव्हतं. कुणीतरी उभं होतं." इशेनने खांदे उडवले. "तू खोलीत शिरतेस, पाठ वळलेली असते, तरी कळतंच ना तुला की मागे माणूस उभा आहे? तसं. शेवटी आई म्हणाली, चल बाबा. फाटकापर्यंत गेली. पावलं पुढे गेली. ज्याने थांबवलं, त्यालाच चल म्हणावं लागतं. दुसऱ्याचं ऐकत नाही."

"हे सगळं तू मॉनिटर म्हणून सांगतोयस की शुद्धीत?"

"जिपार," तो शांतपणे म्हणाला, "पडवीच्या टोकाच्या खोलीत वेनेराची सून आहे. बाळ चाळीस दिवसांचंही नाही. तू चहाच्या वेळी बोललीस तेव्हापासून ती बाहेर आलेली नाही. मघाशी खिडकीतून दूध दिलं तिला."

५

पडवी चौदा पावलांची होती. एका बाजूला काचा, दुसऱ्या बाजूला खुंट्यांवर कोट. जिपार मधोमध उभी राहिली आणि आधी तिने आवाज मोजले. फ्रिजची घरघर. कुठेतरी पंपाचा ठोका. पंपच असेल मघाचा. पाणी भरून झालं की तोही असाच थांबतो. बारा माणसं भरल्यापोटी बसलेली, एकाला भास झाला की बाकीच्यांना होतो. कोर्टात तिने अशा साक्षी पानंच्या पानं उतरवल्या होत्या. पाच जण शपथेवर सांगत की चोराच्या अंगात लाल सदरा होता, आणि चोर उघडा सापडे.

मग ती शेवटच्या खुंटीकडे गेली, आणि तिचे पाय आपोआप थोडे डावीकडे वळले. वाटेत कुणी उभा असला की आपण वळतो, तसे.

ती थबकली. परत मागे आली. या वेळी मुद्दाम सरळ जायचं ठरवून निघाली. त्याच जागी ती पुन्हा डावीकडे झाली, आणि तिच्या तोंडून अगदी सवयीने निघालं, "माफ करा."

कोट हलले नाहीत. धुळीचा वास आला. रस्त्याची, उन्हाने तापलेली पांढरी धूळ. आणि कुणीतरी श्वास घेत होतं. धावत आलेला माणूस दुसऱ्याच्या घरात उभा राहून दम दाबतो, तसा.

तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण तिच्याहून मोठं होतं ते कुतूहल. तो केवढा आहे? कसा दिसतो? रागावलाय का? पस्तीस वर्षं ती समजत होती की तो तिच्यावर रुसून निघून गेला. आता तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ती बसमध्ये काय म्हणाली ते त्याला ऐकू गेलं होतं का. काचा उघड्या होत्या त्या दिवशी. उन्हाळा होता.

"तोक्तोसुन," ती म्हणाली, पूर्ण नावाने. "मी काकांना जे सांगितलं, ते ऐकलंस तू?"

श्वास चालू राहिला. टोकाच्या खोलीत बाळ कुरकुरलं, आणि सुनेने घाईने त्याचं तोंड छातीशी दाबल्याचं ऐकू आलं. जिपारने दाराकडे पाहिलं. त्या दाराच्या आत एक पोरगी तासभर कोंडून बसली होती, आणि ते जिपारच्या एका शब्दामुळे.

"चल," ती म्हणाली.

पावलं तिच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, फाटकापर्यंत आली. तिथे जिपार उभी राहिली. पावलं उभी राहिली नाहीत. पॉप्लरच्या रांगेतून पुलाच्या दिशेने ती जात राहिली, आणि ऐकू येईनाशी झाली तेव्हा जिपारच्या लक्षात आलं की आपण मोजायला विसरलो.

मागे दार उघडलं. सून बाळाला घेऊन उन्हात आली आणि जिपारच्या पाया पडल्यासारखी वाकली. जिपारला तिच्याकडे पाहवेना. त्या माणसाला मागे टाकून ती आयुष्यात दुसऱ्यांदा 'चल' म्हणाली होती.

६

परतीची व्हॅन पाचला आली. ड्रायव्हर सकाळचाच. वेनेराने पिशवीत मांस आणि तळलेल्या पुऱ्या कोंबल्या. इशेन फाटकाला टेकून उभा होता.

"पुढच्या वर्षी ये," तो म्हणाला. "मी खरंच ऑगस्टचा आहे. दामिराला सांगू नकोस."

व्हॅनमध्ये सात माणसं होती. जिपारला सर्वांत मागची जोडसीट मिळाली, शेजारची जागा रिकामी. गाव मागे पडलं. ऊन अजून चांगलं वर होतं, सरोवर उजव्या हाताला चकाकत होतं. पूल आता सिमेंटचा होता, दोन गाड्या सहज जातील एवढा रुंद, आणि दोन्हीकडे लोखंडी कठडे.

पुलावर चढता चढता तिला ती पावलं ऐकू आली. इंजिनाच्या आवाजाखालून, मागच्या काचेच्या बाजूने. आता ती चालत नव्हती. धावत होती.

तिने इतरांकडे पाहिलं. सगळे मांडीकडे पाहत होते. पुढे बसलेल्या म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, नजर काढून घेतली, आणि पाय दाबला. व्हॅनचा वेग वाढला. पावलांचाही वाढला. त्यात एक अडखळ होती, वय झालेल्या गुडघ्यांची असते तशी.

हे रोजचंच आहे, जिपारच्या मनात आलं. ही व्हॅन रोज दोनदा या पुलावरून जाते. रोज सगळे असेच मांडीकडे पाहतात.

ड्रायव्हरची आणि तिची आरशात नजरानजर झाली. ती काय करणार ते त्याला कळलं असावं.

"एजे," तो म्हणाला. "नका."

"तोक्तो," जिपार म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. कोर्टात साक्षीदाराला ऐकू जात नाही तेव्हा पुन्हा वाचून दाखवावं लागतं, त्या स्वच्छ आवाजात. आणि कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून पुढे जोडलं, "गाडीला सांगतेय. गाडी थांबव."

गाडी थांबली. पुलाच्या बरोबर मधोमध. ड्रायव्हरचा हात हँडलवर काही क्षण तसाच राहिला, मग त्याने कळ ओढली आणि बाजूचं दार सरकत उघडलं.

आधी धूळ आत आली. मग पायरी दबली आणि व्हॅन त्या अंगाला थोडी कलली. म्हाताऱ्याने पाय आत ओढून घेतले. वाटेतल्या बाईने पिशवी मांडीवर घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. माणूस आत येताना जागा करून द्यावी, तशी सगळ्यांनी ती दिली. जिपार खिडकीकडे सरकली. शेजारच्या सीटची गादी हळूहळू खाली गेली.

तिने मान वळवली नाही. तेवढं धैर्य झालं नाही. पण पुढच्या सीटचा दांडा तिच्या नजरेसमोरच होता, आणि त्याच्यावर एक हात येऊन टेकला होता. ती सतरा वर्षांच्या पोराच्या हाताची वाट पाहत होती. हा हात बावन्न वर्षांचा होता. शिरा वर आलेल्या, सांधे सुजलेले, मनगटावरचे केस पांढरे. बोटं दांड्याला इतक्या जोराने धरून होती की नखं पांढरी पडली होती.

त्याला कुणी सतराव्या वर्षी ठेवलं नव्हतं. तो त्यांच्याबरोबरच म्हातारा होत आला होता, फक्त बसायला मिळालं नव्हतं.

दार सरकून बंद झालं. समोरून दगड भरलेला एक ट्रक पुलावर चढला, यांना उभं पाहून त्याने हॉर्न दिला आणि बाजूने निघून गेला. सहा माणसं खाली मान घालून बसली होती. ड्रायव्हर वळला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"एजे," तो म्हणाला, "चलायचं ना?"

जिपारने तोंड उघडलं. पुढचा शब्द अगदी जिभेवर होता, साधा, सवयीचा, आणि तिला तो बाहेर पडू द्यायचा नव्हता. शेजारी दम लागलेला श्वास वर-खाली होत होता, अजून शांत व्हायचं नाव नव्हतं.

"बसू दे जरा," ती म्हणाली. "दम खाऊ दे त्याला."

ड्रायव्हरने तिच्या शेजारच्या जागेकडे एकवार पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.